स्विच बंद करण्याचा अधिकार

11 ऑगस्ट 2018. महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दिवशी जगातल्या 28 देशांत वेगवेगळ्या एटीएमसमोर माणसं उभी राहिली. त्यांच्या हातात पुण्याच्या कॉसमॉस बँकेची बनावट व्हिसा कार्डं होती. काही तासांत परदेशांत सुमारे 12 हजार व्यवहार झाले आणि 78 कोटी रुपये निघून गेले. भारतात रुपे कार्डांवर आणखी अडीच कोटी काढले गेले, त्यातले काही कोल्हापुरातल्या एटीएममधून. सोमवारी 13 तारखेला, बँका एकमेकांना पैशांचे आदेश पाठवतात त्या स्विफ्ट यंत्रणेतल्या बनावट संदेशांवरून, 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या हँगसेंग बँकेतल्या एका खात्यात वळवले गेले. एकूण आकडा 94 कोटी 42 लाखांवर पोहोचला.

एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र बँकेच्या स्विचला विचारतं, स्विच खात्यांचा हिशोब ठेवणाऱ्या कोअर बँकिंगला विचारतो, खात्यात शिल्लक असेल तर होकार येतो आणि नोटा बाहेर पडतात. कॉसमॉसमध्ये हल्लेखोरांनी या साखळीत स्वतःचा खोटा स्विच घुसवला होता. तो कोअर बँकिंगला काही विचारतच नव्हता, येणाऱ्या प्रत्येक मागणीला परस्पर होकार देत होता. त्यामुळे ग्राहकांच्या खात्यांतून एक रुपयाही वजा झाला नाही, गेला तो बँकेचा स्वतःचा पैसा. पुढे एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवलं. कार्डं घेऊन एटीएमवर जाणारी आणि पैसे पुढे पोहोचवणारी ही माणसं. यामागच्या मेंदूचा माग संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने 2019 च्या अहवालात उत्तर कोरियापर्यंत नेला.

सहकारी बँका आणि कारखान्यांची संगणक सुरक्षा सांभाळणाऱ्या पुण्यातल्या एक सल्लागार 11 ऑगस्टची ही तारीख प्रत्येक नव्या ग्राहकासमोर फळ्यावर लिहितात. गोपनीयतेच्या करारांमुळे त्यांचं नाव इथे दिलेलं नाही. ग्राहकांकडे सगळे त्यांना मॅडम म्हणतात, म्हणून इथेही मॅडमच. डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करत त्यांनी कामाला सुरुवात केली, नंतर हल्ला झाल्यावर धावून जाणाऱ्या पथकात गेल्या आणि आता हल्ल्याआधीची तयारी करून देतात. तिन्ही ठिकाणी काम केल्यामुळे त्यांचं एक मत पक्कं झालं आहे. कंपन्या यंत्रं विकत घेतात, फायरवॉल बसवतात, प्रमाणपत्रं भिंतीवर लावतात. पण ऐन वेळी कोणी काय बंद करायचं, हे कोणी ठरवून ठेवत नाही.

ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका सहकारी बँकेत त्यांनी घेतलेली बैठक या दृष्टीने पाहण्यासारखी होती. संचालक मंडळाची खोली, भिंतीवर संस्थापकांचे फोटो, टेबलावर चहा आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणीसाठी तयार ठेवलेल्या जाडजूड फायली. चेअरमन, सीईओ, ईडीपी म्हणजे संगणक विभागाचे प्रमुख आणि एटीएम विभाग सांभाळणारा पंचविशीतला मुलगा, असे सगळे हजर. मॅडमनी फायली बाजूला ठेवायला सांगितल्या आणि एक प्रसंग समोर मांडला. शनिवारची दुपार आहे, साडेचार वाजलेत. दोन वेगळ्या राज्यांतल्या एटीएममधून तुमच्या कार्डांवर दर मिनिटाला पैसे निघतायत. स्विच कोण बंद करणार?

पहिलं उत्तर ईडीपी प्रमुखांचं. ते म्हणाले, स्विच आपल्याकडे नाहीच, तो व्हेंडरकडे नवी मुंबईत आहे. मग व्हेंडरला फोन करा, मॅडम म्हणाल्या. फोन लावला तर तिकडच्या इंजिनिअरने सांगितलं, बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याकडून मेल आल्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही. अधिकृत अधिकारी कोण? यादीत नाव होतं ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या मॅनेजरचं. सीईओ म्हणाले, मी मेल करीन, पण एवढी मोठी सेवा बंद करायची तर आधी चेअरमनसाहेबांच्या कानावर घालावं लागेल. चेअरमन मोकळेपणाने म्हणाले, शनिवारी मी साखर कारखान्याच्या मीटिंगला किंवा कुणाच्या तरी लग्नात असतो, तिथे फोन लागेलच असं नाही.

एटीएम विभागातला तो मुलगा तोवर गप्प होता. त्याला विचारल्यावर म्हणाला, "मॅडम, सगळ्यात आधी मलाच दिसणार. स्क्रीन माझ्याच समोर असते. पण मी बंद केलं आणि काही नसलं तर मेमो मलाच मिळेल."

त्या दिवशी बैठक ठरल्यापेक्षा बरीच लांबली. बँकेत तांत्रिक त्रुटीही होत्या आणि त्या नंतर दुरुस्त झाल्या. मॅडमच्या मते मात्र त्या मुलाच्या वाक्यात जी अडचण होती ती सगळ्या त्रुटींपेक्षा मोठी होती.

हल्लेखोरांनी सुट्ट्यांचा अभ्यास आपल्यापेक्षा बारकाईने केलेला असतो. बांगलादेश बँकेचं फेब्रुवारी 2016 मधलं प्रकरण घ्या. बांगलादेशच्या या मध्यवर्ती बँकेचा पैसा न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमध्ये होता. गुरुवारी 4 फेब्रुवारीच्या रात्री ढाक्याचं कार्यालय बंद झाल्यावर तिथून स्विफ्टचे 35 बनावट आदेश सुटले, एकूण जवळपास 95 कोटी डॉलरचे. शुक्रवार ही ढाक्यातली साप्ताहिक सुट्टी. ढाका पुन्हा सुरू होईपर्यंत न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार आला. पैसे जिथे पोहोचले त्या मनिलामध्ये सोमवारी 8 तारखेला चिनी नववर्षाची सुट्टी होती. बांगलादेश बँकेने पैसे थांबवण्याचे संदेश पाठवले तेव्हा ते वाचायला, पैसे जमा झालेल्या मनिलाच्या बँकेत कोणी नव्हतं. 8 कोटी 10 लाख डॉलर फिलिपिन्समध्ये गेले, तिथल्या कॅसिनोंच्या मार्गाने फुटले आणि त्यातला मोठा भाग परत मिळाला नाही. श्रीलंकेकडे निघालेले 2 कोटी डॉलर वाचले ते एका संस्थेच्या नावाच्या स्पेलिंगमधली चूक मधल्या बँकेच्या नजरेला आली म्हणून.

याच प्रकरणातली प्रिंटरची गोष्ट मॅडम प्रशिक्षणात नेहमी सांगतात. ढाक्याच्या कार्यालयात स्विफ्टचे संदेश आपोआप छापणारा एक प्रिंटर होता. रात्रीत आलेले संदेश सकाळी कागदावर मिळायचे. त्या शुक्रवारी ट्रे रिकामा होता. हजर असलेल्या कर्मचाऱ्यांना वाटलं, प्रिंटर बिघडला, नेहमीसारखाच. हल्लेखोरांनी तो मुद्दाम बंद पाडला होता. एखाद्या रात्रीचा अहवाल आला नाही, लॉग अचानक रिकामे दिसले, यंत्र गप्प झालं, तर ती घटना समजून नोंदवा, हा मॅडमचा आग्रह तिथून आला आहे. कामाच्या गडबडीत माणूस "बिघडलं असेल" म्हणतो आणि दुरुस्तीवाल्याची वाट बघतो. हे स्वाभाविक आहे, म्हणूनच त्याची सवय मोडायला वेगळा सराव लागतो.

कॉसमॉसच्या बाबतीत आदल्याच दिवशी, म्हणजे शुक्रवारी 10 ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना एक गोपनीय इशारा दिला होता. येत्या काही दिवसांत जगभर एकाच वेळी एटीएममधून पैसे काढण्याचा मोठा कट आहे, आणि असे प्रकार बहुधा शनिवार-रविवारी बँका बंद झाल्यावर होतात, असं त्यात म्हटलं होतं. इशारे असतात. पण ते वाचून तासाभरात काही बदलू शकेल अशा माणसापर्यंत ते सुट्टीच्या दिवशी पोहोचावे लागतात.

निर्णय आधी घेऊन ठेवलेला असला की काय होतं, याचं एक स्वच्छ उदाहरण आहे. 28 फेब्रुवारी 2018 ला गिटहब या कंपनीवर वाहतुकीचा महापूर सोडण्यात आला, सेकंदाला 1.35 टेराबिट. तोपर्यंत नोंदल्या गेलेल्या अशा हल्ल्यांतला तो सर्वांत मोठा. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतात. हल्ला सुरू झाल्यावर साधारण पाच मिनिटांत तिथल्या ड्युटीवरच्या लोकांनी एका आदेशाने सगळी वाहतूक अकामाई कंपनीच्या गाळणीकडे वळवली. दहा मिनिटांच्या आत सेवा परत सुरू झाली. कोणाला फोन करायचा, करार आहे का, पैसे कोण देणार, हे प्रश्न त्या दिवशी कोणी विचारले नाहीत, कारण ते सगळे आधी विचारून झाले होते.

भारतातलंही एक उदाहरण देता येईल. 31 जुलै 2024 ला सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे संगणक अडवून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाल्याचं समोर आलं. सहकारी आणि ग्रामीण बँकांना ही कंपनी तांत्रिक सेवा पुरवते. देशाची पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्या यंत्रणेपासून तोडलं. जवळपास 300 छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय आणि एटीएम त्या दिवशी बंद राहिलं. लोकांची गैरसोय झाली. पण रोग मोठ्या यंत्रणेत शिरला नाही आणि दुसऱ्या दिवशी तपासणी करून जोडणी पूर्ववत झाली. तोडण्याचा अधिकार कोणाचा, हे तिथे स्पष्ट होतं. मॅडमच्या ओळखीतल्या एका बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनी तो दिवस काउंटरवर उभं राहून ग्राहकांची समजूत काढण्यात घालवला. तरीही नंतर ते म्हणाले की बंद केलं ते बरंच केलं.

याउलट मर्स्क या जहाज कंपनीचं प्रकरण. 27 जून 2017, युक्रेनच्या संविधान दिनाची पूर्वसंध्या. युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा विषाणू सुटला. ते सॉफ्टवेअर मर्स्कच्या ओदेसातल्या कार्यालयात एका संगणकावर होतं. तेवढ्या एका वाटेने जगातली एक मोठी जहाज कंपनी कोसळली. कोपनहेगनच्या मुख्यालयात माणसं खोल्याखोल्यांतून धावत संगणकांच्या वायरी उपसत होती. जगभरचं नेटवर्क पूर्णपणे तोडायला त्यांना दोन तासांहून जास्त वेळ लागला. नॉटपेट्याला एवढा वेळ नको होता, त्याला मिनिटं पुरत होती.

त्या आठवड्यात याची झळ थेट उरणजवळ पोहोचली. न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल मर्स्कच्याच समूहाकडे होतं. तिथली संगणक यंत्रणा बंद पडली, कंटेनर कुठला कुणाचा हे हाताने लावायची वेळ आली, ट्रकच्या रांगा लागल्या आणि काही जहाजं शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली. कोणीतरी युक्रेनवर डागलेल्या शस्त्राने रायगड जिल्ह्यातला ट्रक ड्रायव्हर रस्त्यावर अडकून पडला. आपली कंपनी कुणाचं लक्ष्य असायचं कारण नाही, असं म्हणणाऱ्या उद्योजकाला मॅडम हे सांगतात.

मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हॅगेमन स्नाबे यांनी पुढे जानेवारी 2018 मध्ये दावोसला जाहीर सांगितलं की कंपनीने 10 दिवसांत 4 हजार सर्व्हर आणि 45 हजार संगणक नव्याने उभे केले. त्या काळात माल वाहतूक मात्र फक्त 20 टक्क्यांनी घटली. बाकीची माणसांनी हाताने, फोनवर, कागदावर चालवली. नुकसान 25 ते 30 कोटी डॉलरचं. या सगळ्यात लोकांच्या लक्षात 45 हजारांचा आकडा राहतो. मॅडमना 80 टक्के माल हाताने हलला, हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ती ताकद कोणत्याही व्हेंडरकडून विकत घेता येत नाही.

भोसरीच्या एमआयडीसीतला एक कारखाना त्यांनी जवळून पाहिला आहे. मोटारींचे सुटे भाग बनवणारा, मोठ्या वाहन कंपन्यांना रोजच्या रोज माल देणारा. तिथे पहाटे सगळ्या संगणकांवर खंडणीची मागणी झळकली. मॅडमचं पथक पोहोचलं तेव्हा शॉप फ्लोअरवर यंत्रं सुरू होती, पण काय बनवायचं, किती बनवायचं आणि कुठे पाठवायचं, हे सांगणारी ईआरपी बंद होती. तयार मालाच्या पेट्या दारात होत्या. माल वेळेवर गेला नाही तर समोरच्या कंपनीची असेंब्ली लाइन थांबते आणि त्याचा दंड पुरवठादाराच्या नावावर येतो.

कारखाना त्या दिवशी सावरला तो स्टोअर्समधल्या एका जुन्या माणसामुळे. ईआरपी येऊन कित्येक वर्षं झाली होती, तरी त्याने बिन कार्ड लिहिणं सोडलं नव्हतं. प्रत्येक रॅकवर एक पिवळं पडलेलं कार्ड, त्यावर आला-गेला माल, तारीख आणि सही. तरुण अधिकारी त्याला सांगायचे, काका, आता याची गरज नाही. त्या सकाळी अख्ख्या कारखान्यात साठ्याचा खरा आकडा फक्त त्या कार्डांवर होता. डिस्पॅचच्या लोकांनी छापील चलनबुकं शोधून काढली. अकाउंट्समधल्या एका बाईंनी स्वतःच्या मोबाइलवरून सरकारी पोर्टल उघडून ई-वे बिलं काढली. दुपारी पहिला टेम्पो गेटबाहेर पडला. पुढचे कित्येक दिवस काम असंच चाललं, धिम्या गतीने, पण चाललं.

बॅकअपची गोष्ट मात्र तिथे वाईट निघाली. बॅकअप रोज होत होता, अहवालात हिरवी खूण येत होती. पण ज्या डिस्कवर तो साठवला जात होता ती त्याच नेटवर्कवर होती आणि तिचा पासवर्डही तोच होता. हल्लेखोरांनी आधी ती लॉक केली, मग बाकीचं. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवण्यासारखं हे होतं. सुदैवाने एका इंजिनिअरने सॉफ्टवेअर बदलताना काढलेली एक जुनी प्रत बाहेरच्या डिस्कवर कपाटात पडून होती. तिच्यावरून आणि बिन कार्डांवरून मधल्या महिन्यांचा हिशोब पुन्हा उभा केला गेला.

मर्स्कलाही असाच योगायोग वाचवून गेला. कंपनीचे सगळे संगणक एकमेकांना ओळखतात ते डोमेन कंट्रोलर नावाच्या सर्व्हरमुळे. असे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते, एकमेकांच्या प्रती ठेवणारे, आणि नॉटपेट्याने ते एका फटक्यात पुसले. एकच वाचला, घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. ती डिस्क घेऊन घानातला कर्मचारी इंग्लंडला जाऊ शकत नव्हता, कुणाकडेच व्हिसा नव्हता. मग त्याने ती नायजेरियाच्या विमानतळावर दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिली आणि तिथून ती इंग्लंडला पोहोचली. एवढ्या मोठ्या कंपनीचं भवितव्य घानातल्या एका लोडशेडिंगवर अवलंबून राहावं, ही परिस्थिती कोणत्याही संचालकाला मान्य होऊ नये. म्हणून मॅडम दर तिमाहीला बॅकअपमधून एक खरी यंत्रणा रिस्टोर करून बघायला लावतात, एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली ठेवायला लावतात आणि किती तास लागले ते लिहून घेतात. हिरव्या खुणेवर त्या विश्वास ठेवत नाहीत.

आणखी एक छोटी गोष्ट त्या प्रत्येक ठिकाणी करतात. संपर्काची यादी कागदावर छापून, लॅमिनेट करून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावायची. त्यात व्हेंडरचा रात्रीचा नंबर, इंटरनेट कंपनीचा, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा, स्थानिक सायबर पोलिसांचा, पैशांच्या फसवणुकीसाठी 1930, आणि प्रत्येक जबाबदार माणसाच्या घरातल्या आणखी एकाचा. मेल बंद पडला की मेलमधली यादीही बंद पडते. मर्स्कच्या अनेक कर्मचाऱ्यांच्या मोबाइलमधले नंबरसुद्धा कंपनीच्या यंत्रणेशी जोडलेले असल्यामुळे पुसले गेले होते.

लपवायचं की सांगायचं, हा वाद दर वेळी होतो. मालकाला वाटतं, बाहेर कळलं तर ग्राहक जातील. नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अ‍ॅल्युमिनियम कंपनीने मार्च 2019 मध्ये उलटी वाट धरली. 35 हजार कर्मचारी, 40 देश, आणि 19 मार्चच्या पहाटे जगभरचं काम लॉकरगोगा या रॅन्समवेअरने अडवलेलं. कंपनीने नेटवर्क तोडलं, खंडणी देणार नाही असं जाहीर केलं आणि त्याच दिवशी वित्तप्रमुख पत्रकारांसमोर येऊन बसले. वेबसाइट बंद होती म्हणून फेसबुकवरून माहिती देत राहिले. कार्यालयांच्या दारांवर कागदी सूचना लागल्या की कोणीही आपला संगणक नेटवर्कला जोडू नये. कारखान्यांत जुन्या ऑर्डरच्या छापील फायली बाहेर निघाल्या, हाताने काम करण्याची पद्धत माहीत असलेले निवृत्त कामगार मदतीला आले. नुकसान सुमारे 7 कोटी डॉलरचं झालं. ग्राहकांनी मात्र साथ सोडली नाही, कारण त्यांना रोज खरी परिस्थिती कळत होती. नंतर चौकशीत दिसलं की हल्लेखोर तीन महिने आधीच, एका ओळखीच्या ग्राहकाकडून आलेल्या मेलच्या जोडपत्रातून आत शिरले होते.

आपल्याकडे हा प्रश्न आता कंपनीच्या मर्जीचाही राहिलेला नाही. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांच्या आत कळवावी लागते आणि यंत्रणांचे लॉग 180 दिवस जपावे लागतात. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी, 19 ऑक्टोबर 2018 ला, सायबर सुरक्षेची किमान चौकट लागू केली. हे नियम कागदावर पाळणं सोपं आहे. 6 तास मोजायला सुरुवात कोण करणार, हे ठरवणं अवघड जातं. भोसरीच्या त्या कारखान्यात पहिले काही तास कळवायचं की नाही यावरच गेले.

खंडणीबद्दल मॅडमचं मत ठाम आहे. देऊ नये. पैसे दिल्यावर किल्ली मिळेल याची खात्री नसते. नॉटपेट्यात तर खंडणीची सूचना नुसता देखावा होती, फायली परत मिळण्याची सोयच त्यात ठेवलेली नव्हती. ज्याचा धंदा बुडतोय त्या मालकाला त्याच्या टेबलासमोर बसून हे सांगणं सोपं नसतं आणि त्या ते सोपं असल्याचा आव आणत नाहीत. म्हणूनच हा निर्णयही संचालक मंडळाने शांत डोक्याने, वकील आणि विमा कंपनीशी बोलून, आधी घ्यावा असं त्या सांगतात.

माणसांच्या थकव्याची नोंद मात्र कोणत्याच आराखड्यात नसते. पहिल्या रात्री सगळे थांबतात, चेअरमनसुद्धा. तिसऱ्या रात्रीपर्यंत इंजिनिअर खुर्चीत झोपलेले असतात आणि चुकीचा सर्व्हर पुसला जाण्याची शक्यता वाढते. मॅडम आता पहिल्याच तासात तीन पाळ्यांची यादी करतात, निम्म्या लोकांना बळजबरीने घरी पाठवतात, जेवणाची जबाबदारी एका माणसावर टाकतात. कोणी मुलाला शाळेतून आणायला जायचं म्हटलं तर जाऊ देतात. हे काम आठवड्याचं असतं, एका रात्रीच्या शौर्यावर ते निभत नाही.

ऊसपट्ट्यातल्या त्या बँकेने शेवटी काय केलं, तेही सांगायला हवं. संचालक मंडळाने एक ठराव मंजूर केला. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त व्यवहार ठराविक वेळेत दिसले तर एटीएम विभागात त्या वेळी ड्युटीवर असलेला कर्मचारी, त्याचा हुद्दा कोणताही असो, व्हेंडरला फोन करून स्विच बंद करायला सांगेल. व्हेंडरशी पत्रव्यवहार करून ही व्यवस्था करारात घातली गेली. फोनवर ओळख पटवण्यासाठी सांकेतिक शब्द ठरला आणि तो दर महिन्याला बदलतो. वरिष्ठांना बंद केल्यानंतर कळवायचं. ठरावाची शेवटची ओळ चेअरमननी स्वतः सांगून घालून घेतली: शंका चुकीची निघाली तरी संबंधित कर्मचाऱ्यावर कोणतीही कारवाई होणार नाही.

नंतर एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी पूर्वसूचना न देता खरा सराव केला. स्विच बंद झाला, पुन्हा सुरू झाला, काही ग्राहकांची तक्रार आली, त्यांना खरं कारण सांगितलं गेलं. मेमो कोणालाही मिळाला नाही.

राज्यातल्या प्रत्येक सहकारी बँकेच्या, पतसंस्थेच्या आणि कारखान्याच्या संचालकांनी पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा. त्याला बजेट लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाचं नाव लिहा, त्याला बंद करण्याचा अधिकार द्या, आणि त्याने तो वापरला म्हणून त्याला शिक्षा होणार नाही, हे सहीशिक्क्यानिशी लेखी द्या.